शुक्रवारी पहाटे ४ वाजता डेढ गल्लीचा बूट बाजार: एकदा जाऊन याच

सांगलीहून मामेभाऊ आला होता चार दिवसांसाठी. गेटवे झालं, मरीन ड्राइव्ह झालं, राणीच्या बागेतले पेंग्विनपण झाले आणि तिसऱ्या रात्री जेवता जेवता म्हणतो, "दादा, रात्रीची मुंबई दाखव की, खरी खरी." नशिबाने गुरुवार होता. म्हटलं आत्ता झोप, साडेतीनला उठवतो.

डेढ गल्ली म्हणजे कामाठीपुऱ्यातली, दो टाकीजवळची गल्ली. बाजार फक्त शुक्रवारी, पहाटे चारच्या सुमारास सुरू आणि आठपर्यंत सगळं गुंडाळलेलं. आम्ही चिंचपोकळीहून काळी-पिवळी केली, रात्री १२ ते ५ सव्वापट भाडं पडतं ते धरून चला, कारण पहिल्या लोकलची वाट बघत बसलात तर पोचेपर्यंत चांगला माल उचललेला असतो.

टॅक्सीतून उतरलो तर भाऊ म्हणाला, "बूट बघाय आलोय व्हय आपण?" आणि पुढच्या दोन मिनिटांत गप्प झाला. अख्ख्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या कागदावर नुसते बूट, स्पोर्ट्स शूज, लेदरचे, लहान पोरांचे, सेफ्टी शूज, आणि दुकानाचे दिवे नाहीत, मोबाइलचे टॉर्च. शेकडो टॉर्च खाली जमिनीकडे धरलेले, माणसांचे चेहरे अंधारात आणि बूट तेवढे उजेडात. पॉलिश आणि सोल्युशनचा वास नाकात बसतो. माल तऱ्हेतऱ्हेचा असतो, कंपनीचा सेकंड म्हणजे किरकोळ खोट असलेला, उरलेला स्टॉक, वापरलेले बूट धुऊन-चिकटवून नवे केलेले. देवळाबाहेरून गेलेली चप्पल डेढ गल्लीत सापडते हे मी लहानपणापासून ऐकत आलोय, खरं-खोटं देव जाणे. पण तिथे गोणी घेऊन आलेले ठोक गिऱ्हाईक बघितले की कळतं, हा पोटापाण्याचा धंदा आहे, इथून उचलायचं आणि आपापल्या गावच्या बाजारात विकायचं.

एका म्हाताऱ्या चाचांकडे थांबलो. त्यांनी बूट उचलला, टाच आणि चवडा धरून सोल पार दुमडला, जोडावर टॉर्च मारून दाखवला की चीर नाही, मग आत बोटं घालून शिलाई. एवढं सगळं न बोलता. भाऊने खाकी लेदरचा घेतला, १२०० पासून सुरुवात, ५०० ला सुटला. घासाघीस करायचीच, पण चाचांसारखा माणूस शेवटचा भाव सांगून मान हलवतो ना, तिथे थांबायचं, पन्नास रुपयांसाठी त्यांचा आणखी जीव खाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

माझं मात्र फसलं. दुसऱ्या एका जागी घाईत स्पोर्ट्स शूज घेतले, घरी येऊन बघतो तर डावा ८ चा आणि उजवा ९ चा. त्या पोराला शोधायला पुढच्या शुक्रवारी गेलो, तो काही भेटला नाही. म्हणून सांगतो, दोन्ही पाय घालून चार पावलं चालून बघा, बुटाच्या जिभेखालचा नंबर दोन्हींचा वाचा आणि सुट्टे पैसे न्या.

अजून एक, आणि हे महत्त्वाचं आहे. हा कामाठीपुरा आहे. इथे माणसं फुटपाथवर झोपलेली असतात, बायका दारात उभ्या असतात, कोणी रात्रीचं काम संपवून चाललेलं असतं. आमच्यासमोर एक ग्रुप रील बनवायला सगळ्यांच्या तोंडावर लाइट मारत फिरत होता, मला फार वाईट वाटलं. बघे म्हणून जाऊ नका, गिऱ्हाईक म्हणून जा, काहीतरी विकत घ्या, दोन शब्द बोला. जानेवारी २०२० मध्ये मॉल-हॉटेलं २४ तास उघडी ठेवायला परवानगी मिळाली तेव्हा नाइटलाइफ नाइटलाइफ म्हणून केवढी चर्चा झाली, आणि ही गल्ली तर कधीपासून दर शुक्रवारी पहाटे चारला जागते, तिचं नाव कोणी घेतलं नाही. आता कामाठीपुऱ्याच्या पुनर्विकासाचं चाललंय, टॉवर उभे राहिले की हा बाजार कुठे बसणार या विचाराने मला खरंच काळजी वाटते.

साडेसहाला उजाडलं तशी गर्दी पातळ झाली. तिथून चालत चालत भेंडी बाजारातल्या बोहरी मोहल्ल्यात गेलो, रात्रभर मंद आचेवर शिजलेली बारा हंडी, म्हणजे मांसाचा रस्सा, आणि खमिरी रोटी. रस्सा बोटांना चिकटतो इतका दाट. भाऊ म्हणाला, "दादा, पेंग्विनपेक्षा हे लै भारी."

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या ८-९ च्या जोडीमुळे कापला. भावाचे बूट सहा महिने झाले तरी टकाटक आहेत, आणि येत्या शुक्रवारी मी परत चाललोय कारण त्याच्या मित्रांनी १० नंबरच्या दोन जोड्या सांगितल्यात.