लिनक्सवर जीसीसी आणि लायब्ररी: काही महिने वापरल्यावर

उबंटूवर सी आणि सी++ चं काम सुरू करून आता बरेच महिने झाले. कंपायलर, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारं साधन, बसवणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. ‘बिल्ड-इसेन्शियल’ हे एक पॅकेज टाकलं की जीसीसी (सीचा कंपायलर), जी++ (सी++ चा), मेक (बांधणीच्या पायऱ्या चालवणारं साधन) आणि सी लायब्ररीच्या हेडर फाइल्स (फंक्शनच्या घोषणा असलेल्या) एकदमच येतात. डोकं खातात त्या लायब्ररी, म्हणजे आपल्या प्रोग्रॅमला जोडायचा तयार कोड.

ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) मशीनवर आधीपासून असतं, कितीतरी प्रोग्रॅम त्यावरच चालतात. तरी कंपाइल करायला गेलं की ‘एसएसएल.एच’ सापडत नाही म्हणून तक्रार. कारण डेबियन-उबंटूत चालवण्यापुरती .एसओ फाइल (खुद्द शेअर्ड लायब्ररी) एका पॅकेजात आणि हेडर फाइल्स दुसऱ्या, ‘-डेव्ह’ शेपटीच्या पॅकेजात. फेडोरात हीच शेपटी ‘-डेव्हेल’ होते, आर्चमध्ये बहुधा सगळं एकत्रच मिळतं. इथे ‘एपीटी-फाइल’ मला फार आवडलं: हेडरचं नाव द्या, पॅकेज सांगतं. हे आधीच बसवून का देत नाहीत, कळत नाही.

बांधताना ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ असा एरर आला की लायब्ररी नाहीच असं समजू नका. बऱ्याचदा क्रम चुकलेला असतो. लायब्ररी जोडायला सांगणारे ‘-एल’ वाले पर्याय सोर्स फाइलच्या नंतर लिहायचे, कारण लिंकर (कोडचे तुकडे जोडणारा प्रोग्रॅम) डावीकडून उजवीकडे वाचत जातो आणि तोवर ज्याची गरज पडलेली नाही ते सोडून देतो. हे पर्याय हाताने लिहिण्यापेक्षा ‘पीकेजी-कॉन्फिग’ला (ते सांगणाऱ्या कमांडला) विचारलेलं बरं.

सोर्समधून बांधलेली लायब्ररी ‘/यूएसआर/लोकल/लिब’मध्ये जाते. मग कंपाइल सुरळीत, पण प्रोग्रॅम चालवताच ‘शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल उघडता येत नाही’. ‘एलडीडी’ (प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारी कमांड) चालवून बघा, हरवलेल्या नावापुढे ‘नॉट फाउंड’ दिसेल. उबंटूत ‘सुडो एलडीकॉन्फिग’ एकदा चालवलं की सिस्टिमची लायब्ररींची यादी ताजी होते आणि सहसा भागतं. ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ (लायब्ररी आधी कुठे शोधायच्या ते सांगणारं सेटिंग) बॅशआरसीत, म्हणजे टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये, कायमचा टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही, त्या टर्मिनलमधून सुरू होणारा प्रत्येक प्रोग्रॅम मग तिथल्याच लायब्ररी आधी उचलतो.

जुना सी कोड असेल तर आवृत्तीकडे लक्ष ठेवा. 2024 मध्ये आलेल्या जीसीसी 14 पासून, घोषित न केलेलं फंक्शन वापरलं की नुसती वॉर्निंग न येता थेट एरर येते. बदल योग्यच आहे, पण कित्येक जुने प्रकल्प त्यावर अडतात. मी 13 आणि 14 दोन्ही शेजारी-शेजारी ठेवलेत आणि मेक चालवताना ‘सीसी=जीसीसी-13’ देतो (म्हणजे कोणता कंपायलर वापरायचा ते सांगतो). सिस्टिमचा डीफॉल्ट कंपायलर मात्र बदलत नाही, कारण कर्नल अपडेट झाल्यावर ड्रायव्हरची मॉड्यूल्स पुन्हा बांधायला तोच लागतो.

जीसीसी स्वतः सोर्समधून बांधायच्या फंदात गरज नसताना पडू नका. जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी या गणिताच्या लायब्ररी लागतात (त्या आणून देणारी स्क्रिप्ट सोर्ससोबतच येते), आणि नेहमीच्या पद्धतीत कंपायलर तीन टप्प्यांत स्वतःलाच पुन्हा बांधतो. साध्या लॅपटॉपवर तेवढ्या वेळात दुसरी बरीच कामं उरकतात.