‘केवलार, ८०० डिग्री’ सांगून पॉलिस्टरचे हातमोजे विकतायत, पॉटरीवाल्यांनो जपून

पॉटरी करणाऱ्या सगळ्यांनी हे वाचाच, पैसे गेले त्यापेक्षा कुणाचा हात भाजू नये म्हणून लिहितेय.

आम्ही मैत्रिणी मिळून पुण्यात छोटा स्टुडिओ चालवतो, अधूनमधून राकू पण करतो, म्हणजे भांडं लालभडक गरम असतानाच भट्टीतून बाहेर काढायची पद्धत. त्यासाठी ऑनलाइन हातमोजे मागवले, पिवळेधम्मक, लिस्टिंगवर ‘१००% केवलार, ८०० डिग्री सेफ’ (केवलार म्हणजे उष्णता सोसणारा मजबूत कृत्रिम धागा), पॅकेटवर ज्वाळेचं चिन्ह आणि सीईचा, म्हणजे युरोपच्या नियमांत बसतं असं सांगणारा शिक्का. पहिल्याच राकूला मैत्रिणीने भट्टीच्या झाकणाची पत्र्याची कड धरली आणि बोटांजवळचं कापड मऊ होऊन चिकटायला लागलं. तिने लगेच मोजा झटकला म्हणून दोन बोटांना फोड येण्यावर भागलं, हात बराच वेळ नळाखाली धरला. वितळलेलं कापड कातडीला चिकटलं असतं तर ओढून काढताही येत नाही, डॉक्टरकडेच जावं लागतं.

मग मोज्याचा एक धागा काढून चिमट्यात धरून लायटरवर धरला. खरं केवलार वितळत नाही, काळं पडतं आणि ज्योत बाजूला केली की विझतं. ह्याचा मात्र आकसून टणक काळा मणी झाला, म्हणजे सरळसरळ पॉलिस्टर, जे २५०-२६० डिग्रीला वितळतं! राकूचं भांडं बाहेर काढतात तेव्हा ९००-१००० च्या घरात असतं.

आणि ‘८०० डिग्री’ हा आकडाच फसवा आहे हो. उष्णतेपासून वाचवणाऱ्या हातमोज्यांसाठी युरोपचं ईएन ४०७ हे स्टँडर्ड आहे, त्यात ज्वाळेच्या चिन्हाखाली सहा आकडे असतात, दुसरा आकडा गरम वस्तू हातात धरण्याचा. १ म्हणजे १०० डिग्री, २ म्हणजे २५०, ३ म्हणजे ३५०, ४ म्हणजे ५००, आणि तेही फक्त १५ सेकंद, ४ च्या वर लेव्हलच नाही. आकड्याच्या जागी एक्स असेल तर ती टेस्ट झालेली नाही. आमच्या पॅकेटवर नुसतं चिन्ह, खाली एकही आकडा नाही, आणि विक्रेत्याकडे टेस्ट रिपोर्ट मागितला तर म्हणे ‘मॅडम, सगळे हेच वापरतात’. रिफंड मागितला तर ‘वापरलेला माल परत घेत नाही’. वापरल्याशिवाय जळतो हे कळणार कसं??

चांगले मोजे असले तरी लाल झालेलं भांडं हाताने उचलायचं नाही, त्याला लांब चिमटाच, मोजे फक्त धगीपासून वाचायला. आणि मोजे ओले असतील तर अजिबात घालू नका, पाण्याची आत वाफ होऊन जास्त भाजतं. कुणी जुने ॲस्बेस्टॉसचे मोजे स्वस्तात देत असेल तर तेही नको, त्याचे तंतू फुफ्फुसात जातात.

आम्ही १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकलीय, लिस्टिंगचा स्क्रीनशॉट, बिल आणि धागा जाळतानाचा व्हिडिओ जोडून. वेबसाइटच्या तक्रार अधिकाऱ्यालाही मेल केलाय, नियमाप्रमाणे त्यांनी ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. पोच आलीय, पण ती लिस्टिंग अजून तशीच चालू आहे.