सुईचा थर्मामीटर : चार महिने रोज वापरल्यावर

बाबांची केमोथेरपी सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी खाण्यापिण्याबद्दल कडक शब्दांत बजावलं होतं. त्याच आठवड्यात अन्नात सुई खुपसून तापमान मोजणारा हा डिजिटल थर्मामीटर मागवला.

पहिल्याच दिवशी धडकी भरली. उरलेला भात खोल पातेल्यात तसाच फ्रीजमध्ये ठेवायची माझी जुनी सवय. दोन तासांनी हात लावला तर वरून गार. सुई मध्यात खुपसली आणि आकडा आला ३८! बॅसिलस सेरिअस या जिवाणूचे बीजाणू (त्याचं कडक कवचातलं सुप्त रूप) भात उकळला तरी मरत नाहीत. ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात भात रेंगाळला की ते रुजतात, वाढतात, आणि काही जातींचे जिवाणू असं विष सोडतात की ते १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं. म्हणजे सकाळी वाफ येईपर्यंत गरम केलेला भात बाबांना निर्धास्तपणे वाढायचे, ते चुकतच होतं. आता भात शिजला की पसरट ताटात पातळ थर करते आणि लगेच फ्रीजमध्ये टाकते.

मग फ्रीजच तपासला. प्रत्येक कप्प्यात पाण्याचा पेला रात्रभर ठेवून सकाळी सुई बुडवली. मागच्या बाजूला ४, दारात ९. दूध त्याच दिवशी दारातून आत गेलं. अर्थात ४ अंशांवरही लिस्टेरिया नावाचा जिवाणू सावकाश वाढतच राहतो, आणि प्रतिकारशक्ती घटलेल्या माणसाला त्याचाच मोठा धोका. त्यामुळे डब्यांवर आता तारीख लिहिते.

तक्रारी आहेत. आकडा स्थिर व्हायला दहा सेकंद लागतात, तोवर हात वाफेत भाजतो. बॅटरीचं झाकण सैल आहे, धुताना पाणी आत जाईल अशी भीती वाटते. सगळ्यात खटकणारी गोष्ट म्हणजे बर्फ कालवलेल्या पाण्यात शून्य दिसायला हवं तिथे हा १ दाखवतो, आणि तो सुधारायचं बटणच दिलेलं नाही. विकत घेतलात तर आधी ही बर्फाची चाचणी कराच. आणि कच्च्या मांसात घातलेली सुई साबणाने धुतल्याशिवाय शिजलेल्या अन्नात घालू नका.

तरीही चार तारे देते. शिळं गरम करताना मध्यभागी ७४ अंश गाठायचे असतात. माझा एक अंश जास्त दाखवतो, म्हणून ७५ दिसेपर्यंत बाबांचं ताट वाढत नाही.