ससा घरात ठेवायचा की अंगणात? सोलापुरात असाल तर आधी उन्हाचा हिशोब करा

आमच्याकडं दोन ससे आहेत, भुरी आणि बंड्या. पहिलं दीड वर्ष दोघंही हॉलमध्येच वाढले, मग आम्ही त्यांना अंगणात हलवलं, मग घाबरून परत आत घेतलं, आणि आता जे चाललंय ते दोन्हीच्या मधलं आहे. जुळे सोलापुरात रो-हाऊस आहे आमचं, पुढं छोटं अंगण आणि त्यात एक कडुनिंब. हे आधीच सांगते कारण तुमच्याकडं फ्लॅट असेल किंवा नुसती गच्ची असेल तर सगळं गणितच बदलतं. गच्चीचा तर विषयच काढू नका, उन्हाळ्यात रात्री आठला पण स्लॅब पायाला चटके देतो.

बाहेर हलवायचं डोक्यात कशामुळं येतं ते मला चांगलं माहितीये. चार्जरच्या वायरी कुरतडणं, लघवीचा वास, केस गळायला लागले की सोफ्यापासून भाजीपर्यंत सगळीकडं केस, आणि सासूबाईंच्या कोऱ्या सोलापुरी चादरीला भुरीनं कोपऱ्यात असा गोल घास घेतला की घरात दोन दिवस कुणी नीट बोलेना. पण यातल्या निम्म्या तक्रारी ससा घरात राहतोय म्हणून नसतात, त्याचं ऑपरेशन झालेलं नाही म्हणून असतात. नर वयात आला की इकडंतिकडं मूत मारत फिरतो आणि मादी आक्रमक होते. नसबंदी केल्यावर काही आठवड्यांत वास आणि भांडणं दोन्ही कमी होतात, आणि ट्रेमध्ये शी-शू करायची सवय पण पटकन लागते. मादीचं ऑपरेशन तर तसंही करावंच, न केलेल्या माद्यांना वय वाढेल तसा गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण खूप असतं. त्यामुळं वासामुळं बाहेर काढायलाय असं असेल तर आधी डॉक्टरकडं जाऊन या, सशाचं ऑपरेशन करायची सवय असलेलाच डॉक्टर बघा, आणि मग ठरवा.

आता उन्हाचं. सशाला घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापा टाकून पण त्याला फारसं गार होता येत नाही, अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडं मुख्य म्हणजे ते दोन लांब कान. 15 ते 21 डिग्रीत तो मजेत असतो आणि 28-30 च्या पुढं त्याला त्रास व्हायला सुरुवात होते. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 ला जातो. नेटवर जेवढं काही वाचाल ते बहुतेक थंड देशातल्या लोकांनी लिहिलेलं असतं, ते सगळे थंडीची काळजी करतात, पेंढा भरा, पिंजरा झाका वगैरे. आपल्याला नेमकं उलटं बघायचंय.

शेजारचे काका मला म्हणले होते, अगं ससा तर रानातला प्राणी, नान्नजच्या माळावर भर उन्हात पळतोय की. तो ससा वेगळा! माळावरचा आपला देशी ससा उघड्यावरच राहतो, त्याची पिल्लं जन्मतः डोळे उघडी आणि अंगावर केस घेऊन येतात. आपण पाळतो तो ससा युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज आहे, त्याची पिल्लं आंधळी आणि उघडीबोडकी जन्मतात, आणि ऊन वाढलं की तो जमिनीखाली गारव्याला जातो. पिंजऱ्यात ठेवला की त्याचं बीळच आपण काढून घेतलेलं असतं, म्हणजे तो गारवा आपणच द्यायला पाहिजे.

दोन्हीकडची मे महिन्यातली दुपार समोरासमोर ठेवून बघा.

घरात: खालच्या मजल्यावरची उत्तरेकडची खोली, शहाबादी फरशी, पडदे ओढलेले, कूलर चालू. ससे फरशीवर पोट टेकून पसरतात आणि दुपारभर झोपतात. लाईट गेली तर फ्रीजरमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवायची, ते स्वतःच येऊन टेकतात.

बाहेर: झाडाची सावली दर तासाला सरकते, गरम वारा आडवा लागतो, आणि वर पत्रा असेल तर पिंजऱ्याची भट्टीच होते. ओल्या चादरी टाकून हवा गार होते हे खरं, कोरड्या हवेत पाणी पटकन उडतं म्हणून, पण त्या चादरी दर अर्ध्या तासाला ओल्या करायला माणूस लागतो आणि नळाला पाणी काही दिवसांआड येतं.

आमची चूक इथंच झाली. आम्ही फेब्रुवारीत हलवलं, तेव्हा हवा छान होती, पार्किंगच्या पत्र्याखाली पिंजरा ठेवला आणि निवांत झालो. एप्रिलमध्ये एका दुपारी बँकेतून लवकर आले म्हणून वाचली, नाहीतर भुरी गेलीच होती. तोंड उघडं, नाकाभोवती ओलं, कान तापून लाल, श्वास इतका भराभर की पोट नुसतं थरथरायलंय आणि हाक मारली तर मान पण उचलेना. तिला आत फरशीवर घेतलं, कानाला साध्या पाण्याचा हात फिरवत राहिले आणि तसंच दवाखान्यात नेलं. बर्फाचं पाणी अंगावर ओतू नका, गार पाण्यात बुडवू पण नका, एकदम धक्का बसतो त्यांना. तो दिवस आठवला की मला अजून कसंतरी होतं.

कुत्री-मांजरं हा दुसरा मोठा मुद्दा. आपल्या गल्ल्यांत रात्री भटकी कुत्री किती असतात ते सांगायला नको, वर मांजरं, मुंगूस, घुशी, आणि पावसाळ्यात साप. लोक कोंबडीची षटकोनी जाळी लावतात, ती कुत्रं दातानं फाडतं आणि ससा स्वतः पण कुरतडतो. फॅब्रिकेटरला वेल्डमेश, म्हणजे सांधे वेल्डिंग केलेली तारेची जाळी सांगा, अर्ध्या इंचाची, दाराला दोन कड्या, आणि खाली एकतर फरशी किंवा जाळी जमिनीत फूट-दीड फूट गाडलेली, कारण हे आतून खणतात आणि बाहेरून मुंगूस खणतं. ससे ज्यावर बसणार तिथं मात्र उघडी जाळी नको, पायाच्या तळव्यांना जखमा होतात. आणि एक लक्षात ठेवा, पिंजरा मजबूत असला तरी रात्रभर कुत्रं बाहेर घुटमळत राहिलं तर नुसत्या भीतीनं ससा मरू शकतो. घरात हा प्रश्नच येत नाही. आमचं मत या एकाच मुद्द्यावर पक्कं झालं, रात्री ससे आतच, बारा महिने.

पावसाळ्यात हवा गार असते म्हणून वाटतं की आता ठेवावं बाहेर, पण तेव्हा माश्या. शेपटीखाली ओलं किंवा शी लागलेलं असेल तर माशी तिथं अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या होऊन कातडीत शिरतात, फार वाईट मरण आहे ते. बाहेर ठेवणार असाल तर सकाळ-संध्याकाळ उलटं करून बघायलाच पाहिजे. पिसवा-गोचीड पण बाहेरच जास्त. त्यासाठी कुत्र्याचं औषध चुकूनही लावू नका, फिप्रोनिल असलेलं तर अजिबात नाही, सशाला ते घातक असतं.

थंडी म्हणाल तर सोलापुरात पहाटे 12-14 डिग्रीपर्यंत उतरतं, सशाला ती काहीच नाही, उलट तेच त्यांचे खरे दिवस. फक्त दिवाळीचे फटाके आणि जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या वेळचं शोभेचं दारूकाम, होम मैदानाच्या आसपास राहत असाल तर त्या रात्री आतल्या खोलीत घ्या. आवाजानं घाबरून खाणं सोडलं तर पोट थांबतं, आणि बारा तास काहीच खाल्लं नाही, लेंड्या पण पडल्या नाहीत, तर वाट बघत बसायचं नाही, डॉक्टर गाठायचा.

बाहेरचे फायदे पण खरे आहेत, ते नाकारत नाही. ताजी हरळी स्वतः तोडून खातात, दात झिजतात, सकाळचं कोवळं ऊन हाडांना चांगलं, आणि मोकळ्या जागेत बंड्या हवेत उडी मारून अंग वळवतो ना ते हॉलमध्ये कधी एवढं बघितलं नव्हतं. पण बाहेरचा ससा एकटा पडतो. घरात असला की येता-जाता आपलं लक्ष जातं, आज खाल्लं नाही, आज सुस्त आहे हे कळतं. ससा आजार लपवतो, बाहेर असला की दोन दिवसांनी कळतं. म्हणून एकच ससा असेल तर माझं स्पष्ट मत, बाहेर नकोच. जोडी असेल तर 10 बाय 6 फुटाची जागा आणि 3 फूट उंची एवढं तरी द्या, छोट्या पिंजऱ्यात बाहेर राहण्यापेक्षा घरातली मोकळी खोली कधीही बरी.

आमचं सध्याचं असं चालतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत बाहेरच्या जाळीत, रात्री आत. मार्चपासून पाऊस चांगला सुरू होईपर्यंत फक्त पहाटे साडेपाच ते साडेसात बाहेर, बाकी पूर्ण वेळ खालच्या खोलीत. ससे तसेही पहाटे आणि तिन्हीसांजेलाच उड्या मारतात, दुपारी झोपतात, त्यामुळं त्यांचं काही नुकसान होत नाही. पावसाळ्यात जमीन कोरडी असेल त्या दिवशीच.

तुम्ही पहिल्यांदाच बाहेर काढणार असाल तर दिवाळीनंतर सुरू करा. पहिला आठवडा रोज अर्धा तास, तुम्ही स्वतः शेजारी खुर्ची टाकून बसा, मग हळूहळू वाढवा. हिरवं गवत पण तसंच, पहिल्या दिवशी मूठभर, नाहीतर पोट बिघडतं, आणि अंगणात तणनाशक मारलेलं असेल तर तिथलं गवत नकोच. आतला लपायचा खोका तसाच न धुता जाळीत ठेवा, स्वतःचा वास असला की पटकन रुळतात, भुरी पहिले चार दिवस त्या खोक्यातून नुसतं नाक बाहेर काढत होती, पाचव्या दिवशी बंड्याच्या मागं मागं झाडापर्यंत आली.