आजीचं गोंदण पुसून टाकणारं ‘स्कॅनिंग’

वडिलांच्या निगेटिव्ह बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होत्या. ऐंशी-नव्वदच्या दशकांतले 35 मिलिमीटरचे रंगीत रोल, आणि त्याआधीचे क्लिक थ्री कॅमेऱ्यावर काढलेले चौकोनी कृष्णधवल. मागच्या पावसाळ्यात डबा उघडला तर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला. फिल्म सडायला लागली की असा वास येतो, हे वाचलेलं होतं. म्हणून त्या दुकानातून स्कॅन करून घ्यायची घाई केली, आणि घाईतच फसले.

दुकानदार बोलायला गोड. “4800 डीपीआयला स्कॅन करतो ताई, फ्रेमला 25 रुपये. कृष्णधवलला इन्फ्रारेडनं धूळ काढायचे 5 जास्त.” एकूण 320 फ्रेम, त्यांतल्या 60 कृष्णधवल. 8300 रुपये झाले. पावतीवर त्यानं लिहिलं, ‘निगेटिव्ह – 1 डबा’. मी घडी घालून पर्समध्ये ठेवली.

तीन आठवड्यांनी पेन ड्राइव्ह हातात आला. रंगीत फोटोंच्या फाइल 6800 बाय 4500 पिक्सेलच्या. डीपीआय म्हणजे इंचाला किती ठिपके. फ्रेमची लांबी 36 मिलिमीटर म्हणजे साधारण 1.42 इंच, गुणिले 4800. हिशोब चोख जुळत होता. मी खुशीत घरच्या ग्रुपवर वीसेक फोटो टाकलेसुद्धा.

मग आजीचा फोटो मोठा करून पाहिला. आजीच्या हनुवटीवर तीन ठिपके गोंदलेले होते. ते नव्हतेच! गाल मेणाच्या बाहुलीसारखे गुळगुळीत, लुगड्याच्या काठाचा नुसता लगदा. आणि निगेटिव्हवर पडलेला आडवा ओरखडा मात्र कपाळावर जसाच्या तसा.

भाच्यानं पेन ड्राइव्ह उलटापालटा केला. एका फोल्डरमध्ये मूळ फोटो पुसायचे राहून गेले होते: 4000 बाय 3000 पिक्सेल, कडेला लाइट-बॉक्सची (खालून उजेड देणाऱ्या खोक्याची) चकाकी, आणि फाइलच्या माहितीत चक्क मोबाइलचं मॉडेल. म्हणजे स्कॅनर नव्हताच. मोबाइलनं फोटो काढायचे, सॉफ्टवेअरनं फुगवायचे, की झाले 4800 डीपीआय. पाच-सहा फोटो तर उलट्या बाजूनं काढलेले. बाबांच्या शर्टाचा खिसा उजवीकडे गेलाय.

इन्फ्रारेडची तर शुद्ध थाप. रंगीत फिल्ममधून इन्फ्रारेड किरण आरपार जातात आणि धूळ तेवढी अडते, म्हणून ती ओळखता येते. जुन्या कृष्णधवल फिल्ममध्ये चित्रच चांदीच्या कणांचं असतं. तेही किरण अडवतं, त्यामुळे यंत्राला चित्र आणि धूळ यांतला फरक कळत नाही. त्यानं सॉफ्टवेअरनं डाग पुसले, आणि त्यात आजीचं गोंदणही गेलं.

आता कुणी विचारलं तर मी सांगते, आधी यंत्र दाखवायला सांगा. फ्लॅटबेड, म्हणजे काचेवर ठेवून स्कॅन करायचं सपाट यंत्र, असेल तर झाकणात दिवा हवा, नाहीतर निगेटिव्ह स्कॅन होत नाही. डबा देण्याआधी एकच फ्रेम करून मागा, टिफमध्ये (तपशील न गमावता साठवणारी फाइल), साफसफाई न करता. पूर्ण मोठी केली की फिल्मचे दाणे दिसायला हवेत. स्कॅनरच्या खोक्यावरचा डीपीआयचा आकडा आणि प्रत्यक्ष मिळणारा तपशील यांत चांगल्या फ्लॅटबेडमध्येही बरंच अंतर असतं. ऑनलाइन मिळणारे ‘22 मेगापिक्सेल’चे डबीसारखे छोटे स्कॅनर घेऊ नका, त्यांत बहुधा साधा कॅमेराच असतो आणि आकडा फुगवलेला असतो. कागदावरच्या फोटोंना 600 डीपीआय पुष्कळ झालं.

दुकानात गेले तर तो शांतपणे म्हणाला, “ताई, एवढं झूम करून कोण बघतं?” तासभर वाद घातल्यावर 3000 रुपये परत दिले. घरी येऊन पट्ट्या मोजल्या, तर भावाच्या बारशाची एक पट्टी नाही. पेन ड्राइव्हवरही ते फोटो नाहीत. पुन्हा गेले. त्यानं पावती मागितली, वाचली आणि माझ्यासमोर धरली. पावतीवर डबा लिहिला होता, आणि डबा मला परत मिळाला होता.