दारात येणारी चक्की: आषाढी ते दिवाळी

टेम्पोवर बसवलेली पिठाची चक्की फाटकापाशी येते आणि डोळ्यांदेखत दळून देते. हे कळल्यावर इंदूरमधल्या लोकमान्य नगरच्या आमच्या गल्लीत घरोघरी सांगून आले ती मीच. पुढे महिनाभर त्याच घरांची बोलणी खाल्ली.

ॲपवर वेळ दहाची, टेम्पो साडेबाराला. एकदा जनरेटरच बंद पडला. माझा पाच किलो शरबती गहू अर्धा दळलेला, अर्धा तसाच. कळस झाला आषाढीच्या आदल्या दिवशी. सासूबाईंची उपासाची भाजणी (राजगिरा, वरई, साबुदाणा) चक्कीवरच्या मुलाने शेजारच्यांच्या गव्हावर तशीच ओतली. सासूबाईंनी चिमूटभर पीठ तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळलं, "ह्यात कणीक आहे गं," म्हणाल्या आणि डबा बाजूला सारला. एकादशी केळी आणि ताकावर निघाली.

मालकांना फोनवर भरपूर ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं, हे विशेष. म्हणून इथे नाव घालत नाही, गल्लीतल्यांना कळेलच.

श्रावणात बदल दिसला. ॲपमधल्या वेळा गेल्या. आमच्या गल्लीचा मंगळवार, सकाळी नऊ, ठरलं म्हणजे ठरलं. आधी उपासाचं, मग तांदूळ, मग गहू-ज्वारी, बेसन आणि थालीपिठाची भाजणी शेवटी, म्हणजे कुणाच्या कणकेला धन्या-जिऱ्याचा वास नको. उपासाचं दळण टाकण्याआधी चक्की उघडून ब्रशने झाडतात, त्याच धान्याची एक मूठ दळून ते पीठ वेगळं काढतात. आणि चक्कीच्या दगडांना वेळेवर टाकी लावून (छिन्नीने खाचा पाडून) आणतात. हे मी मुद्दाम विचारलं, कारण गुळगुळीत दगडावर पीठ रगडलं जातं, तापतं आणि पोळ्या वातड होतात. यंत्र तेच, टेम्पो तोच, मुलगाही तोच बरं का!

इंदूरकरांना ह्याचं नवल वाटू नये. ओला-सुका कचरा वेगळा करा, हे 2016 च्या नियमांत देशातल्या सगळ्याच शहरांना सांगितलं होतं. आपल्याकडे गाडी रोज गाणं वाजवत दारात आली, मिसळलेला कचरा घेईना, आणि 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात आपण पहिले येत राहिलो. मालकांना विचारलं, तर ठरलेल्या दिवसाची युक्ती त्या गाडीवरूनच सुचली म्हणे.

तक्रारी आहेत. किलोला 12 रुपये, नाक्यावरच्या चक्कीपेक्षा चार जास्त. जनरेटरचा आवाज असा, की समोरच्या काकांनी मंगळवारी सकाळी फिरायला जायची सवय लावून घेतली आहे. काटा मात्र चोख. घरी दोनदा मोजून पाहिलं.

पाचपैकी चार तारे. दिवाळीत चकलीची भाजणी दिलीत, तर पीठ लगेच डब्यात भरू नका. हाताला गरम लागतं, परातीत पसरून निवू द्या. मी घाई केली तर झाकणाला आतून पाणी सुटलं होतं.