ओपन-सोर्स पायमॉल: आठ महिने रोज वापरल्यावर

पुण्याच्या पाषाण-गणेशखिंड भागात स्ट्रक्चरल बायॉलॉजी शिकणाऱ्या प्रत्येकाला आधी एवढंच सांगेन: पायमॉल, म्हणजे प्रथिनांची त्रिमितीय रचना दाखवणारं सॉफ्टवेअर, सिस्टीमच्या पायथनमध्ये टाकू नका. कोंडा या पॅकेज मॅनेजरमध्ये वेगळं एन्व्हायर्नमेंट (इतरांपासून अलग कप्पा) करा आणि कोंडा-फोर्ज चॅनलवरून 'पायमॉल-ओपन-सोर्स' असं पूर्ण नाव देऊन पॅकेज घ्या. 'पायमॉल-बंडल' ही श्रोडिंगर कंपनीची लायसन्स लागणारी आवृत्ती, दोन्हींत गल्लत फार होते. मूळ लेखक वॉरन डिलानो २००९ मध्ये गेले, २०१० पासून काम श्रोडिंगरकडे आहे, पण ओपन-सोर्स कोड आजही खुला आहे.

इन्स्टॉल बिनबोभाट होतं, खरी अडचण खिडकी उघडताना येते. 'लिबजीएल एरर, फेल्ड टू लोड ड्रायव्हर' दिसलं तर दोष पायमॉलचा नसतो. कोंडातली सी++ लायब्ररी सिस्टीमच्या ग्राफिक्स ड्रायव्हरला जुनी पडते. त्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये कोंडा-फोर्जवरून 'लिबएसटीडीसीएक्सएक्स-एनजी' अपडेट करा. उबुंटू २२.०४ वर ग्ल्यू (ग्राफिक्ससाठीची लायब्ररी) सुरू होत नाही अशी तक्रार आली, तर कारण बहुधा वेलँड, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणारी नवी यंत्रणा. क्यूटी_क्यूपीए_प्लॅटफॉर्म या व्हेरिएबलला एक्ससीबी ही किंमत देऊन पायमॉल चालवा, किंवा लॉगिनच्या वेळी झॉर्ग ही जुनी यंत्रणा निवडा. जुन्या धाटणीची टीके खिडकी उघडली तर पायक्यूटी (नव्या खिडकीसाठी लागणारी लायब्ररी) सापडलेलं नाही असं समजा.

आयसरमधल्या परम ब्रह्मसारख्या क्लस्टरवर सिम्युलेशन चालवणाऱ्यांनी एसएसएचमधून (दूरच्या मशीनवरचं लॉगिन) खिडकी ओढत बसू नये. '-सीक्यू' देऊन खिडकीशिवाय स्क्रिप्ट चालवा. रे-ट्रेसिंग (प्रकाश-सावलीसह सुबक चित्र काढणं) सीपीयूवर होतं, त्याला ग्राफिक्स कार्ड लागत नाही.

कॉलेजच्या नेटवर्कवर 'फेच' (प्रोटीन डेटा बँक, म्हणजे पीडीबीतून रचना आणणारी आज्ञा) अडकलं तर फाइल ब्राउझरमधून उतरवून 'लोड' करा. सरावाला हिमोग्लोबिन उत्तम. पीडीबीतली ४एचएचबी ही रचना उघडा, 'रिमूव्ह सॉल्व्हेंट' द्या, एचईएम (लोह असलेला हीम गट) निवडा. ए साखळीतल्या हिस्टिडीन ८७ च्या एनई२ या नायट्रोजन अणूपासून लोहाच्या अणूपर्यंत 'डिस्टन्स' मोजा, २ अँगस्ट्रॉमच्या जरा वर येईल. आता १एचएचओ ही हिमोग्लोबिनचीच दुसरी रचना उघडा. इथे चारऐवजी दोनच साखळ्या दिसतात आणि फाइल अर्धवट उतरली असं वाटतं. तसं नाही. स्फटिकातला असममित एकक तेवढाच असतो, उरलेला अर्धा भाग सममितीने मिळतो. 'टाइप' पीडीबी१ देऊन पुन्हा आणा, मग दोन्ही भाग वेगळे करायला 'स्प्लिट_स्टेट्स'. मात्र त्यानंतर दोन्ही ऑब्जेक्टमध्ये ए आणि बी हीच नावं राहतात, म्हणून नुसतं 'चेन ए' म्हटलं की दोन साखळ्या निवडल्या जातात. सोबत ऑब्जेक्टचं नाव द्याच.

थीसिसच्या चित्रासाठी 'रे २४००, १८००' आणि ३०० डीपीआयचा पीएनजी पुरतो, कागदावर ८ बाय ६ इंच. रे झाल्यावर माउस हलवू नका. चित्र किंचित जरी फिरलं तरी रे पुसलं जातं आणि साधा स्क्रीनचा फोटो सेव्ह होतो, हे फार जणांच्या लक्षातच येत नाही. पांढऱ्या चौकटीऐवजी पारदर्शक पार्श्वभूमी हवी तर 'रे_ओपेक_बॅकग्राउंड' शून्य करा.

विद्युतभाराचं चित्र काढायचं तर एपीबीएस (विद्युत विभव काढणारा प्रोग्राम) आणि पीडीबी२पीक्यूआर (त्यासाठी फाइल तयार करणारा) वेगळे बसवावे लागतात, नुसतं प्लगइन दिसून उपयोग नाही. गाइडच्या मशीनवर जुनी आवृत्ती असेल तर सेशन सेव्ह करण्याआधी 'पीएसई_एक्सपोर्ट_व्हर्जन' तिथल्या आवृत्तीवर ठेवा, नाहीतर त्यांच्याकडे फाइल उघडत नाही.